खोटी अटक, खरा आघात

‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीची सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवण्याचा आदेश झाला. निमित्त होते हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दाम्पत्याच्या तक्रारीचे. सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून या दोघांकडून एक कोटीहून अधिक रुपये उकळण्यात आले होते.

या गुन्ह्याची वाढ आकड्यांतून स्पष्ट दिसते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, डिजिटल अटक आणि त्यासारख्या गुन्ह्यांच्या २०२२ मध्ये ३९,९२५ तक्रारी आल्या आणि त्यांत सुमारे ९१ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये तक्रारी १,२३,६७२ झाल्या आणि गेलेली रक्कम सुमारे १,९३५ कोटींवर पोहोचली. म्हणजे दोन वर्षांत तक्रारी तिप्पट झाल्या, पण रक्कम एकवीस पट झाली. दर तक्रारीमागे सरासरी तेवीस हजारांच्या आसपास असलेले नुकसान दीड लाखाच्या पुढे गेले. अधिक माणसे फसत आहेत एवढाच याचा अर्थ नाही. प्रत्येक माणसाला अधिक वेळ धरून ठेवून अधिक पिळले जात आहे.

या ‘धरून ठेवण्या’कडे आजवर पोलिसांच्या आणि बँकांच्या नजरेतूनच पाहिले गेले. खरे तर तो आरोग्याचाही प्रश्न आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद येथील ७६ वर्षांच्या एका निवृत्त सरकारी महिला डॉक्टरचा सुमारे ७० तासांच्या अशा छळानंतर हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला. पुण्यात ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याचे सुमारे १ कोटी १९ लाख रुपये गेले आणि काही आठवड्यांत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याआधी २०२४ मध्ये आग्रा येथील एका शिक्षिकेला, मुलगी पोलिसांच्या ताब्यात असल्याचा खोटा फोन आला. मुलगी सुखरूप होती, पण आई त्या धक्क्यातून वाचली नाही. एखाद्या मृत्यूमागे नेमके एकच कारण होते, असे वैद्यकशास्त्र ठामपणे सांगू शकत नाही. मात्र अशा धक्क्याने शरीरात काय घडते, हे चांगले ठाऊक आहे.

भीती शरीरात काय करते

‘तुमच्या नावे आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत’ हे वाक्य कानावर पडते, तेव्हा मेंदूतील ‘ॲमिग्डाला’ हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल रक्तात येते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, तळवे घामेजतात, तोंडाला कोरड पडते. वाघ समोर आला तर पळण्यासाठी ही सारी तयारी उपयोगाची. पण याच वेळी कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे ‘प्रीफ्रंटल कॉर्टेक्स’, मागे पडतो. दोन गोष्टी ताडून पाहणे, शंका काढणे, ‘थांब, हे खरे आहे का?’ असे विचारणे ही त्याची कामे. तीव्र ताणात नेमकी तीच मंदावतात.

म्हणून नंतर शांतपणे ऐकणाऱ्याला जे हास्यास्पद वाटते, ते त्या क्षणी त्या माणसाला हास्यास्पद वाटत नाही. ‘एवढेही कळले नाही का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याचा मेंदू शांत असतो आणि ज्याला विचारला जातो त्याचा तेव्हा नव्हता. फरक अकलेचा नसतो.

हृदयाचा धोका वेगळा. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्यांच्यात अचानक वाढलेला रक्तदाब आणि ॲड्रेनलिन झटक्याचे निमित्त ठरू शकते, हृदयाची लय बिघडू शकते. रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही मानसिक धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगून दुबळा होतो, असाही एक आजार आहे. जपानमध्ये १९९० मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा हृदयाचा आकार दिसतो, म्हणून त्याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. बहुतेक रुग्ण त्यातून बरे होतात, पण वेळेत रुग्णालयात पोहोचले तर. आणि या गुन्ह्यात माणसाला खोलीबाहेरच पडू दिले जात नाही.

त्यात आणखी भर पडते. कॅमेऱ्यासमोर तासन् तास बसवलेला मधुमेही वेळेवर जेवत नाही, इन्सुलिन चुकते. रक्तदाबाची गोळी राहून जाते. लघवीला जायलाही परवानगी मागावी लागते, म्हणून पाणी कमी प्यायले जाते. झोप होत नाही. तरण्या माणसालाही दोन रात्रींच्या जागरणाने धड विचार सुचत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाची काय कथा!

शिकलेली माणसेच का?

या फसवणुकीत डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, उद्योगपती सापडले आहेत. २०२४ मध्ये पंजाबमधील एका बड्या वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षीय अध्यक्षांना सरन्यायाधीशांच्या नावाने चालवलेल्या बनावट ऑनलाइन सुनावणीला बसवून सात कोटी रुपये काढून घेतले गेले. दक्षिण मुंबईतील ८६ वर्षांच्या एका महिलेचे डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात वीस कोटींहून अधिक रुपये गेले.

अडाणी माणूस फसतो हा समज इथे उपयोगाचा नाही. उलट ज्याने आयुष्यभर कर वेळेवर भरला, सरकारी कागदाचा मान राखला, पोलीस ठाण्याची पायरी कधी चढली नाही, त्याला ‘तुमच्यावर मनी लॉन्डरिंगचा गुन्हा आहे’ हे ऐकून सर्वांत जास्त धक्का बसतो. अब्रू हीच त्याची कमाई असते आणि गुन्हेगार तिच्यावरच बोट ठेवतो.

अधिकाराच्या आवाजापुढे माणूस किती झुकतो, हे अमेरिकेतील येल विद्यापीठात १९६१ मध्ये स्टॅन्ली मिलग्राम यांनी सुरू केलेल्या प्रयोगांतून दिसले होते. शास्त्रज्ञाच्या वेशातील व्यक्तीने शांतपणे ‘पुढे चालू ठेवा’ एवढे सांगितल्यावर ४० पैकी २६ जणांनी दुसऱ्या माणसाला शेवटच्या टप्प्यापर्यंत विजेचे झटके दिले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. ही साधी, भली माणसे होती. गणवेश, टेबलामागचा तिरंगा, भिंतीवरचे बोधचिन्ह आणि पोलिसी भाषा यांचा परिणाम व्हिडिओ कॉलवरही तसाच होतो.

फसवणुकीची पद्धतही ठरलेली असते. आधी ध्वनिमुद्रित आवाज सांगतो, ‘तुमचा मोबाइल दोन तासांत बंद होईल’. मग सभ्य कर्मचारी येतो. तो ‘पोलिसांशी’ जोडून देतो. एक अधिकारी दरडावतो, दुसरा समजूत काढतो. आधारचे शेवटचे आकडे, पत्ता, मुलांची नावे त्यांना आधीच ठाऊक असतात, कारण ही माहिती चोरबाजारात विकली जाते. ‘प्रकरण गोपनीय आहे, कुणाला सांगाल तर तेही आरोपी होतील’ अशी ताकीद मिळते. शेवटी सुटकेचा मार्ग दाखवला जातो: पैसे ‘तपासणीसाठी’ रिझर्व्ह बँकेच्या खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. आधी घाबरवणे, मग एकटे पाडणे, थकवणे आणि शेवटी दिलासा देणे, हाच तो क्रम. यातला कणा आहे एकटे पाडणे. शेजारी कुणी बसलेले असेल, तर हे नाटक पाच मिनिटेही टिकत नाही.

फोन करणाऱ्यांपैकी अनेक जण कंबोडिया, म्यानमार, लाओस येथील बंदिस्त वसाहतींतून बोलत असतात. नोकरीच्या आमिषाने नेऊन तिथे डांबलेले भारतीय तरुणही त्यांत असतात. त्यामुळे ‘भाषा आपली होती, म्हणून खरे वाटले’ यात नवल नाही.

कायदा काय म्हणतो

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ असे काहीही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार अटक प्रत्यक्ष ताब्यात घेऊनच होते. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते आणि त्याला वकील गाठण्याचा हक्क असतो. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. रिझर्व्ह बँक सामान्य नागरिकांची खाती ठेवत नाही, त्यामुळे तिच्याकडे ‘पडताळणीचे खाते’ असण्याचा प्रश्नच येत नाही. कोणतेही पोलीस ठाणे, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय फोनवर पैसे मागत नाही.

बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनचीही ओळख आता थोडी सोपी होत आहे. बँकांनी ग्राहकांना व्यवहारासंबंधी फोन करण्यासाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरावेत, अशी व्यवस्था दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लावली आहे. बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ असा करण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने दिले आहेत. तरीही क्रमांक पाहून पूर्ण निर्धास्त होऊ नये. ओटीपी, पिन, सीव्हीव्ही बँक कधीच विचारत नाही. शंका आली तर फोन बंद करून कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ क्रमांकही भामट्यांनी पेरलेला असू शकतो. कुणी पाठवलेली एपीके फाइल उघडू नये, स्क्रीन दाखवणारे ॲप घेऊ नये.

माहितीपेक्षा सवय महत्त्वाची

आता मुख्य मुद्दा. जागृतीचे संदेश गेली दोन वर्षे सर्वत्र आहेत. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याच विषयावर थांबा, विचार करा, कृती करा अशी त्रिसूत्री सांगितली. फसलेल्यांपैकी अनेकांनी असे काही ऐकलेले असते. मग ते आठवत का नाही? कारण माहिती आठवून तिचा विचार करणारा मेंदूचा भागच त्या वेळी दबलेला असतो.

रुग्णालयात हृदय बंद पडलेला रुग्ण आला, की डॉक्टर आणि परिचारिका त्या क्षणी विचार करत बसत नाहीत. काय करायचे ते आधीच ठरलेले आणि वारंवार घोटलेले असते. घाबरलेल्या मेंदूलाही सवय पाळता येते, नवा विचार मात्र करता येत नाही. हेच तत्त्व घरी लागू करता येते. प्रत्येक घराने एकच नियम ठरवावा: पोलीस, बँक, कुरिअर, न्यायालय, कुणाचाही फोन असो, पैसा, अटक किंवा ओटीपी हा शब्द आला की फोन बंद आणि घरातल्या ठरलेल्या माणसाला फोन. खरे की खोटे याचा निवाडा फोन चालू असताना करायचाच नाही. खरे पोलीस असतील तर ते घरी येतील, लेखी नोटीस देतील. फोन कापणे हा गुन्हा नाही आणि उद्धटपणाही नाही. आयुष्यभर सर्वांशी अदबीने वागलेल्या पिढीला हे मुद्दाम सांगावे लागते.

हा नियम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावा. त्याखाली मुलाचा किंवा मुलीचा, शेजाऱ्यांचा आणि १९३० हा क्रमांक असावा. महिन्यातून एकदा चहाच्या वेळी याची रंगीत तालीम करावी: नातवाने खोटा पोलीस व्हावे, आजीने फोन कापावा. हसत-खेळत केलेला हा सराव ऐन वेळी उपयोगी पडतो. अपघात झाल्याचे किंवा अटक झाल्याचे सांगणारा मुलाचा आवाजही आता यंत्राने तयार करता येतो, म्हणून घरच्यांपुरता एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

घरच्यांनी काय ओळखावे

एखाद्या आजाराची लक्षणे असतात तशी याचीही असतात. दार लावून घेणे, फोन सतत चार्जिंगला लावून समोर ठेवणे, हलक्या आवाजात बोलणे, जेवण टाळणे, विचारल्यावर दचकणे, मुदत ठेव अचानक मोडणे, बँकेच्या फेऱ्या, दागिने किंवा घराच्या कागदांची चौकशी. बँकेत विचारले तर ‘मुलीच्या घरासाठी हवेत असे सांगा’ अशी शिकवणीही भामटे देतात. त्यामुळे ठरावीक उत्तर मिळाले म्हणून खात्रीने वावरू नये.

अशा वेळी आरडाओरडा केला तर माणूस आणखी मिटतो, कारण त्याला वाटते की तो घरच्यांनाच वाचवतो आहे. ‘बाबा, फोन जरा माझ्याकडे द्या, मी बोलते’ एवढे शांतपणे म्हणून फोन घ्यावा आणि बंद करावा. नंतर पाणी द्यावे, चुकलेली गोळी आणि साखर पाहावी. छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे, एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काही असेल तर पैशांचे नंतर बघता येते. आधी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

वयाचाही एक धागा लक्षात ठेवायला हवा. शिकागो येथील रश विद्यापीठाच्या संशोधकांनी ९३५ ज्येष्ठांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०१९ मध्ये असे दाखवले, की फसवणुकीबाबतची सावधगिरी ज्यांच्यात कमी होती, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ फसलेला प्रत्येक ज्येष्ठ स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे असा मुळीच नाही. पण एरवी हिशेबाला चोख असलेली व्यक्ती वारंवार अशा जाळ्यात सापडू लागली, बिले विसरू लागली, तर न रागावता स्मृतीची तपासणी करून घ्यावी.

पहिला तास

हृदयविकारात जसा ‘गोल्डन अवर’ असतो, तसाच इथेही. पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात वेगाने फिरवले जातात आणि मग रोख किंवा आभासी चलनात बदलून नाहीसे होतात. ते बँकिंग व्यवस्थेत असेपर्यंतच रोखता येतात. म्हणून आधी १९३० वर फोन करावा आणि व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ, खाते सांगावे. लगेच बँकेला कळवून खाते, कार्ड, यूपीआय बंद करून घ्यावे. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोलीस ठाण्यात जावे. ‘झिरो एफआयआर’ कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. संदेश, क्रमांक, पावत्या पुसू नयेत; तोच पुरावा. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सोयीत तो कळवावा.

यानंतर दुसरा हल्ला होण्याची शक्यता असते. ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारा वकील किंवा ‘सायबर अधिकारी’ फोन करतो आणि शुल्क मागतो. तोही बहुधा त्याच टोळीचा.

नंतरचे दुखणे

पैसे गेल्यानंतर उरते ती लाज. झोप उडते, फोन वाजला की छाती धडधडते, माणूस लोकांत मिसळणे सोडतो. काही जण जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार बोलून दाखवतात. तो कधीही हलक्यात घेऊ नये. अशा व्यक्तीला एकटे ठेवू नये आणि १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ही आहे. घरच्यांनी घटनेचा उल्लेख वारंवार टोमण्यासारखा करू नये. चोरी झालेल्या घरात कुणी घरमालकाला चोर म्हणत नाही; इथे मात्र ज्याचे गेले त्यालाच दोषी ठरवले जाते. या लाजेमुळेच तक्रारी उशिरा होतात आणि त्याचा फायदा भामट्यांना होतो.

म्हणून सारा भार एकट्या नागरिकावर टाकणे योग्य नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवणुकीने ग्राहकाकडून पैसे पाठवून घेतले गेले तर ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांना द्यावी लागते आणि ती पाठवणारी व स्वीकारणारी बँक निम्मी-निम्मी सोसते. सिंगापूरने १ जुलै २०२५ पासून, फसत असलेली व्यक्ती ऐकतच नसेल तर तिचे व्यवहार काही काळ थांबवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनी ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांत त्याला संरक्षण दिले, पण घाबरवून त्याच्याच हाताने पाठवून घेतलेल्या पैशांना ते सहसा लागू पडत नाही. ऐंशी वर्षांच्या खातेदाराने एकाच आठवड्यात सगळ्या ठेवी मोडून अनोळखी खात्यांवर पैसे पाठवले, तर यंत्रणेने काही तास थांबायला हरकत नसावी. सजग बँक कर्मचाऱ्याने दोन प्रश्न अधिक विचारल्यामुळे ठेवी वाचल्याची उदाहरणे आहेत. ती कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून न राहता पद्धत व्हायला हवी.

तोवर ग्राहकाला स्वतः काही गोष्टी करता येतात. दैनंदिन व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्यावी, रोजच्या वापराच्या खात्यात थोडेच पैसे ठेवावेत, मोठ्या ठेवी दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाहीत अशी सोय बँकेत विचारून करून घ्यावी. आणि परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांनी आई-वडिलांना रोज एक फोन करावा. जो रोज कुणाशी तरी बोलतो, त्याला एकटे पाडणे अवघड जाते.